चित्र फुटतंय, पण नेमकं कुठं? स्ट्रीमिंग चॅनलसाठी व्हिडिओ क्वालिटी सॉफ्टवेअर बसवताना

विट्याहून प्रेक्षकाचा फोन येतो, "चॅनल अडकतंय." तासगावचा दुसरा सांगतो, आवाज आधी येतो आणि ओठ मागून हलतात. कुपवाडचा केबल ऑपरेटर म्हणतो, "आमच्याकडं एकदम क्लिअर आहे की." तिघंही खरंच बोलत असतात. कंट्रोल रूममधल्या भिंतीवरच्या मॉनिटरवर मात्र सगळं झकास दिसत असतं, कारण त्याला एन्कोडरच्या आधीचं चित्र जोडलेलं असतं.

केबलवरचं स्थानिक चॅनल ॲपवर आणि स्मार्ट टीव्हीवर जाऊ लागलं की ही रड सुरू होते. हा लेख सांगली-सातारा पट्ट्यातल्या अशा चॅनलच्या कंट्रोल रूममध्ये किंवा हेडएंडवर (केबलवाल्याच्या मुख्य केंद्रावर) नव्यानं रुजू झालेल्यांसाठी आहे. लिनक्सवर चार कमांड मारता येतात आणि एन्कोडर काय करतो ते माहीत आहे, एवढं गृहीत धरलंय. चित्र बिघडलंय हे कळवायला प्रेक्षक आहेतच. सॉफ्टवेअरकडून आपल्याला हवंय ते बिघाडाचं ठिकाण. पुढची सगळी मांडणी त्याच हिशोबानं केली आहे.

आधी कागदावर साखळी काढा

सॉफ्टवेअर डाऊनलोड करण्याआधी एका कागदावर सिग्नलचा प्रवास काढा. प्लेआउट किंवा ओबी व्हॅनचं फीड, मग एन्कोडर, मग पॅकेजर (स्ट्रीमचे छोटे तुकडे करणारा), मग ओरिजिन सर्व्हर (ते तुकडे जिथून वाटले जातात तो मूळ सर्व्हर), मग सीडीएन (प्रेक्षकाच्या जवळ प्रती ठेवणारं सर्व्हरचं जाळं), मग प्रेक्षकाचा प्लेअर. प्रत्येक बाणाशेजारी लिहा: इथं सिग्नल कोणत्या रूपात आहे, कोणत्या पत्त्यावर मिळतो आणि ते यंत्र कोणाच्या ताब्यात आहे. शेवटचा मुद्दा रात्री दोन वाजता फार कामाला येतो.

या साखळीवर चार ठिकाणी तपासणी बसवायची: एन्कोडरच्या आधी, एन्कोडरच्या नंतर, ओरिजिनवर आणि प्रेक्षकाच्या बाजूला. पुढं यांना आवक, एन्कोडर, ओरिजिन आणि प्रेक्षक असंच म्हणतो. आवकेवर चित्र ठीक, एन्कोडरनंतर ठीक, ओरिजिनवर तुटक, तर पॅकेजर किंवा त्यामधलं नेटवर्क. ओरिजिनपर्यंत सगळं स्वच्छ आणि फक्त एका गावातून तक्रार, तर तिथला इंटरनेट पुरवठादार किंवा सीडीएनचा जवळचा सर्व्हर. दोनच ठिकाणी तपासणी परवडत असेल तर आवक आणि ओरिजिन निवडा. एकच परवडत असेल तर ओरिजिन.

टेलिस्ट्रीम, इंटरा सिस्टिम्स, ब्रिज टेक्नॉलॉजीज अशा कंपन्यांची तयार उत्पादनं बाजारात आहेत आणि मोठी नेटवर्क तीच वापरतात. दोन-तीन चॅनलच्या सेटअपला मोफत साधनं पुरतात, आणि त्यांच्यावर हात बसला की महागड्या सॉफ्टवेअरचा पडदाही वाचता येतो. म्हणून इथं मोफतचाच रस्ता धरतो.

मशीन

उबंटूची एलटीएस आवृत्ती टाकलेला साधा सर्व्हर चालेल. नेटवर्क पोर्ट मात्र दोन हवेत: एक स्ट्रीम घ्यायला, दुसरा मशीन चालवायला आणि अलार्म पाठवायला. मल्टिकास्ट फीड (एकच स्ट्रीम अनेक यंत्रांना एकदम) घेत असाल तर स्विचवर आयजीएमपी स्नूपिंग (ज्यानं मागितलं त्याच पोर्टवर स्ट्रीम सोडायची सोय) चालू आहे का पाहा. ते बंद असेल तर एका चॅनलचं ट्रॅफिक स्विचच्या सगळ्या पोर्टवर वाहतं आणि भलतीच यंत्रं गुदमरतात.

इथं नव्या माणसाचे सगळ्यात जास्त तास खाणारी एक गोष्ट आहे. लिनक्स यूडीपीसाठी जो रिसीव्ह बफर देतं तो मुळात बराच लहान असतो, साधारण २०८ किलोबाइट. हाय डेफिनिशन फीड एकदम झोतानं आलं की बफर भरतो आणि पॅकेट गळतात. गळती होते आपल्या मशीनमध्ये, पण सॉफ्टवेअर सांगतं की स्ट्रीममध्ये पॅकेट गायब आहेत. एन्कोडरवाल्याशी भांडण होतं, तो त्याच्या बाजूनं सगळं नीट दाखवतो, आणि चूक कोणाचीच सापडत नाही. तेव्हा पहिल्याच दिवशी सिस्टिमची रिसीव्ह बफर मर्यादा काही मेगाबाइटपर्यंत वाढवा आणि कर्नलच्या यूडीपी आकडेवारीत रिसीव्ह बफर एररचा आकडा वाढतोय का ते बघत राहा. तो शून्यावर थांबलेला असेल तरच बाकीच्या आकड्यांवर विश्वास ठेवा.

घड्याळही पहिल्याच दिवशी. चारही ठिकाणांची वेळ जुळली नाही तर कुठं आधी बिघडलं ते ठरवताच येत नाही. क्रोनी (घड्याळ जुळवणारं सॉफ्टवेअर) बसवा आणि एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या एनटीपी सर्व्हरशी (नेटवर्कवरून वेळ देणाऱ्या) जोडा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत सेवा पुरवठादार, डेटा सेंटर आणि कंपन्यांना हेच सांगितलंय, शिवाय सिस्टिमचे लॉग १८० दिवस भारतातच जपून ठेवायलाही.

सॉफ्टवेअरमध्ये चित्र-आवाज तपासायला एफएफएमपेग, ट्रान्सपोर्ट स्ट्रीमसाठी टीएसडक, फाईलची माहिती बघायला मीडियाइन्फो, आकडे साठवायला प्रोमिथियस आणि आलेख बघायला ग्राफाना. एफएफएमपेग टाकल्यावर त्याची फिल्टरांची यादी काढा आणि त्यात लिबव्हीमॅफ (पुढं चित्राचा दर्जा मोजायला लागणारं) आहे का बघा. तयार पॅकेजमध्ये ते कधी असतं, कधी नसतं. नसेल तर लिबव्हीमॅफसकट बांधलेली आवृत्ती घ्या. ग्राफानाचा सुरुवातीचा युजर आणि पासवर्ड दोन्ही ॲडमिन असतात, ते त्याच बैठकीत बदला, आणि ३००० नंबरचा पोर्ट बाहेरच्या इंटरनेटला उघडा ठेवू नका.

ट्रान्सपोर्ट स्ट्रीमची नाडी

आवकेवर आणि एन्कोडरनंतर बहुतेक ठिकाणी एमपेग ट्रान्सपोर्ट स्ट्रीम मिळते. तिची पॅकेट १८८ बाइटची, आणि एका यूडीपी पॅकेटमध्ये अशी सात, म्हणजे १३१६ बाइट. प्रत्येक पॅकेटवर चार बिटांचा एक मोजणी अंक असतो. तो ० ते १५ जातो आणि पुन्हा ० वर येतो. मध्येच ६ नंतर ९ आला तर दोन पॅकेट वाटेत गेली. यालाच कंटिन्युइटी काउंटर एरर म्हणतात, आणि चित्रात चौकटी पडून फुटण्याची बरीचशी प्रकरणं इथंच सापडतात.

एटसी या युरोपातल्या दूरसंचार मानक संस्थेच्या टीआर १०१ २९० या दस्तऐवजात अशा चुकांचे तीन गट आहेत. पहिल्या गटातली चूक म्हणजे स्ट्रीम डीकोड होणंच धोक्यात: सिंक तुटणं, पॅट किंवा पीएमटी टेबल (स्ट्रीममध्ये काय कुठं आहे त्याची यादी) वेळेत न येणं, मोजणी अंक चुकणं, एखादा पीआयडी (चित्र किंवा आवाजाच्या प्रवाहाचा नंबर) गायब होणं. पॅट टेबल निदान दर अर्ध्या सेकंदाला यायला हवं. दुसऱ्या गटात वेळेचं गणित: पीसीआर (स्ट्रीममधला घड्याळाचा ठोका) ४० मिलिसेकंदांच्या आत पुन्हा यावा, त्याची अचूकता अधिक-उणे ५०० नॅनोसेकंदांत असावी. तिसरा गट सुरुवातीला सोडून द्या. टीएसडकचं कंटिन्युइटी प्लगइन आणि टेबलं तपासणारी साधनं लावून पहिला गट चालू करा. दुसऱ्या गटातली पीसीआर अचूकता साध्या सर्व्हरच्या नेटवर्क कार्डावर मोजू नका. तिथं पॅकेट येण्याची वेळच नॅनोसेकंदांच्या हिशोबात डळमळती असते, त्या कामाला वेगळं हार्डवेअर लागतं.

ब्लॅक, फ्रीझ आणि शांतता

एफएफएमपेगमध्ये ब्लॅकडिटेक्ट, फ्रीझडिटेक्ट आणि सायलेन्सडिटेक्ट असे तीन फिल्टर आहेत. तिन्ही एकाच कमांडमध्ये लावता येतात आणि निकाल लॉगमध्ये पडतो. मुळात ठरलेल्या किमती अशा: ब्लॅक निदान दोन सेकंद टिकायला हवं आणि चौकटीचा ९८ टक्के भाग काळा हवा, फ्रीझ दोन सेकंद, शांतता उणे ६० डेसिबलच्या खाली दोन सेकंद.

या किमती तशाच ठेवल्या तर स्थानिक चॅनलवर यंत्रणा आंधळी होते. आपल्या चॅनलवर खाली पट्टी पळत असते, वर कोपऱ्यात लोगो, दुसऱ्या कोपऱ्यात घड्याळ. मूळ चित्र पूर्ण काळं झालं तरी पट्टी आणि लोगो मिळून चौकटीचा दोन टक्क्यांहून जास्त भाग उजळ राहतो, म्हणजे ब्लॅकचा अलार्म कधीच वाजत नाही. फ्रीझचंही तेच. बातमीदार तोंड उघडं ठेवून गोठलेला असतो, खाली हळदीचे भाव पळत असतात, आणि फिल्टरच्या लेखी चित्र हलतंय. उपाय सोपा आहे: तपासणीच्या आधी क्रॉप फिल्टर लावून पट्टी, लोगो आणि घड्याळ वगळून मधलाच भाग तपासायला द्या. पट्टी बसण्याआधीचं चित्र आवकेवर मिळत असेल तर आणखी चांगलं.

उलट बाजूचा त्रास देवळाच्या थेट दर्शनाचा. कॅमेरा खांबाला बांधलेला, समोर मूर्ती, दुपारी गाभाऱ्यात कोणी नाही. फ्रीझडिटेक्ट दर दोन मिनिटांनी बोंब मारणार. अलार्म बंद करून टाकला की खरोखर कॅमेऱ्याचं फीड गोठेल तेव्हा संध्याकाळच्या आरतीपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही. इथं आवक आणि एन्कोडर यांतला फरक कामाला येतो. जिवंत कॅमेऱ्याच्या चित्रात सेन्सरचा बारीक नॉइज कायम असतो, समईची ज्योत हलते. सलग दोन फ्रेम कधीच तंतोतंत सारख्या नसतात. फीड तुटल्यावर फ्रेम सिंक्रोनायझरनं (येणारं चित्र स्टुडिओच्या ठोक्याशी जुळवणारं यंत्र) धरून ठेवलेली शेवटची फ्रेम मात्र अगदी सारखी असते. एन्कोडर बिटरेट वाचवताना हा नॉइज पुसून टाकतो, त्यामुळं त्याच्यानंतर दोन्ही प्रकार जवळजवळ सारखे दिसतात. म्हणून दर्शनाच्या फीडची फ्रीझ तपासणी फक्त आवकेवर, नॉइजची मर्यादा खूप कडक करून आणि कालावधी तीस सेकंदांच्या पुढं ठेवून करायची. एन्कोडरनंतर त्या चॅनलला फ्रीझ तपासणी लावूच नका.

शांततेच्या बाबतीत उणे ६० डेसिबल फार कडक पडतं. माइक मेला तरी ॲम्प्लिफायरची घरघर त्याच्या वर राहते. उणे ५० पासून सुरू करा. आणि आवाजाचे डावा-उजवा दोन्ही चॅनल वेगवेगळे तपासायचा मोनोचा पर्याय चालू करा. मंडपातल्या साउंडवाल्यानं एकाच बाजूला आवाज दिला की मोबाईलचा एक इअरफोन लावून ऐकणाऱ्याला काहीच ऐकू येत नाही, आणि कंट्रोल रूममध्ये दोन्ही स्पीकर एकत्र ऐकणाऱ्याला ते जाणवत नाही.

लॉगमधल्या ओळी प्रोमिथियसपर्यंत न्यायला मोठं काही लागत नाही. छोट्या स्क्रिप्टनं आकडा एका मजकूर फाईलमध्ये लिहायचा आणि नोड एक्स्पोर्टरच्या (मशीनचे आकडे प्रोमिथियसला देणारा छोटा प्रोग्राम) टेक्स्टफाईल कलेक्टरला ती वाचायला द्यायची. फाईल आधी तात्पुरत्या नावानं लिहा आणि मग नाव बदला, नाहीतर अर्धवट लिहिलेली फाईल वाचली जाते आणि आलेखात खोटे खड्डे पडतात.

ओरिजिनवर प्लेलिस्ट जिवंत आहे का

ॲपलनं २००९ मध्ये आणलेलं एचएलएस आज जवळपास सगळीकडं चालतं. त्यात व्हिडिओचे छोटे तुकडे असतात आणि त्यांची यादी म्हणजे प्लेलिस्ट. थेट प्रक्षेपणात यादी सतत नवी होत राहते आणि तिच्यातला मीडिया सिक्वेन्स नंबर पुढं सरकत राहतो.

नवी मंडळी इथं फक्त सर्व्हर २०० चा होकार (सगळं ठीक, असा एचटीटीपी कोड) देतोय का एवढं तपासतात. पॅकेजर अडकला की नेमकं असं होतं: सर्व्हर उठलेला, उत्तर २००, प्लेलिस्टही मिळते, पण वीस मिनिटांपूर्वीची. तेव्हा दर काही सेकंदांनी प्लेलिस्ट घ्या, सिक्वेन्स नंबर आधीच्यापेक्षा वाढला का बघा, आणि तीन तुकड्यांच्या लांबीइतका वेळ तो हलला नाही तर अलार्म द्या. त्याचबरोबर शेवटचा तुकडा उतरवून घ्या आणि उतरायला लागलेला वेळ त्याच्या लांबीशी ताडून बघा. सहा सेकंदांचा तुकडा ओरिजिनवरून सेकंदाच्या आत यावा. चार सेकंद लागत असतील तर प्रेक्षकाकडं अडकणारच.

दर्जाच्या सगळ्या पायऱ्यांत (एकाच चॅनलच्या १०८०, ७२०, ४८० अशा वेगवेगळ्या स्ट्रीम) कीफ्रेम (स्वतःत पूर्ण चित्र असलेली फ्रेम) एकाच जागी हवेत. आपल्याकडं २५ फ्रेमचा हिशोब, म्हणजे दोन सेकंदांच्या अंतरासाठी दर ५० फ्रेमला एक कीफ्रेम, आणि सहा सेकंदांच्या तुकड्यात ५०-५० फ्रेमचे असे तीन गट. एन्कोडरमध्ये सीन बदलला की आपोआप कीफ्रेम टाकायचा पर्याय असतो. तो गटाची लांबी विस्कटत असेल तर बंद करा. पायऱ्या जुळल्या नाहीत की प्लेअर ७२० वरून ४८० वर उतरताना चित्र अर्धा सेकंद मागं उडी मारतं. प्रेक्षक त्यालाही "अडकतंय" म्हणतो.

दर्जाचा आकडा: व्हीमॅफ

आतापर्यंतचं सगळं चित्र येतंय का याबद्दल होतं. ते बघायला बरं दिसतंय का, यासाठी नेटफ्लिक्सनं २०१६ मध्ये खुलं केलेलं व्हीमॅफ वापरतात. त्याआधीचे पीएसएनआर आणि २००४ चं एसएसआयएम अजून चालतात, पण माणसाच्या डोळ्याशी व्हीमॅफ जास्त जुळतं. ते ० ते १०० गुण देतं. साधारण सहा गुणांचा फरक पडला की बघणाऱ्याला दोन चित्रांतला फरक जाणवायला लागतो. त्यामुळं ९३ आणि ९४ वरून वाद घालण्यात अर्थ नाही.

व्हीमॅफला मूळ चित्र आणि बिघडलेलं चित्र अशी दोन्ही लागतात, म्हणून प्रेक्षकाच्या बाजूला ते बसत नाही. शिवाय ते मशीनला जड आहे. चोवीस तास चालवू नका. नमुन्याच्या क्लिप ठेवून एन्कोडरची सेटिंग बदलताना आणि आठवड्यातून एकदा चालवा, एवढं पुरे.

या क्लिप आपल्याच भागातल्या हव्यात. इंटरनेटवरून घेतलेल्या नमुन्यांत ससा उड्या मारतो. आपलं चॅनल दाखवतं पालीच्या खंडोबाची यात्रा. भंडारा उधळला की पडद्यावर लाखो पिवळे कण प्रत्येक फ्रेममध्ये वेगळ्या जागी असतात. मागच्या फ्रेमवरून पुढचीचा अंदाज बांधणं हा एन्कोडरचा सगळा धंदा, तो तिथं बसतो, आणि पाच मेगाबिटमध्येही चित्राचा चिखल होतो. दहा-दहा सेकंदांच्या पाच-सहा क्लिप जमवा: भंडारा, कुंडलच्या कुस्ती मैदानातली लाल माती आणि झटापट, कासच्या पठारावरची बारीक फुलं वाऱ्यावर हलताना, कृष्णेच्या पुराचं गढूळ पाणी आणि वरून पाऊस, स्टुडिओत बसलेला निवेदक, आणि संध्याकाळचं मोकळं आभाळ. शेवटच्यात हलण्यासारखं काही नसतं, पण रंगाच्या पायऱ्या पडतात का ते तिथंच दिसतं. व्हीमॅफला या पायऱ्या नीट दिसत नाहीत, त्यासाठी नेटफ्लिक्सचंच कॅम्बी नावाचं वेगळं मोजमाप आहे. क्लिप बिनतोट्याच्या (लॉसलेस) रूपात ठेवा. एकदा एन्कोड झालेली क्लिप मूळ म्हणून वापरली तर एन्कोडरला आयते गुण मिळतात.

चालवताना चार गोष्टी सांभाळा. एफएफएमपेगमध्ये पहिली फाईल बिघडलेली आणि दुसरी मूळ द्यायची. क्रम उलटला तरी आकडा येतोच, फक्त चुकीचा येतो. दोन्हींचा आकार सारखा करा, म्हणजे ४८० चं चित्र १०८० ला ताणून मग तुलना. दोन्हींची पहिली फ्रेम जुळवा. एका फ्रेमची चूक असेल तर कुस्तीच्या क्लिपचे गुण धाडकन पडतात आणि निवेदकाचे जवळपास तसेच राहतात. ही खूण लक्षात ठेवा. आणि आपलं प्रक्षेपण बऱ्याचदा १०८० इंटरलेस्ड असतं, म्हणजे प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांत (फील्ड) येते, सेकंदाला ५० फील्ड. इंटरलेस्ड मूळ तसंच तुलनेला लावलं तर निकाल निरर्थक. आधी बीडब्ल्यूडीआयएफसारख्या फिल्टरनं डीइंटरलेस करा, आणि एन्कोडरही तेच करतोय ना ते तपासा. पैलवानाच्या पायांना कंगव्यासारखे दात दिसले की समजा, साखळीत कुठंतरी डीइंटरलेस राहिलंय.

निकालात सरासरी बघून समाधान मानू नका. दहा सेकंदांत नऊ सेकंद ९५ आणि भंडाऱ्याच्या एका सेकंदाला ४०, तरी सरासरी ८९ च्या वर येते आणि कागदावर सगळं छान दिसतं. सगळ्यात वाईट पाच टक्के फ्रेम कुठं आहेत ते काढा आणि त्या फ्रेम स्वतः डोळ्यांनी बघा. शार्पनेस वाढवूनही व्हीमॅफचे गुण वाढवता येतात. एन्कोडर विकणाऱ्यानं गुण दाखवले तर त्याला नेग मॉडेलचे गुण मागा, त्यात ही चलाखी मोजली जात नाही.

बिटरेट कुठून सुरू करायचा, हा पुढचा प्रश्न. ॲपलच्या तक्त्यात एच.२६४ साठी ७२० ला ३००० आणि ४५०० किलोबिट, १०८० ला ६००० आणि ७८०० असे आकडे आहेत. ते सुरुवातीचे धरा आणि आपल्या क्लिपवर खाली आणत जा. माझ्या मते ग्रामीण भागातल्या प्रेक्षकासाठी १०८० ची वरची पायरी सजवण्यापेक्षा ३६० आणि ४३२ च्या पायऱ्यांवर वेळ घालवावा. बहुतेक जण मोबाईलवर तेच बघतात, आणि व्हीमॅफमध्ये फोनसाठीचं मॉडेलही आहे.

आवाज

ईबीयू या युरोपातल्या प्रक्षेपण संघाच्या आर १२८ नुसार टीव्हीसाठी आवाजाचा सरासरी मोठेपणा उणे २३ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं एकक), शिखर उणे १ च्या खाली. मोबाईलवर तो लहान वाटतो, म्हणून ॲपच्या स्ट्रीमसाठी उणे १६ च्या आसपास ठेवतात. एफएफएमपेगचं ईबीयूआर१२८ फिल्टर हे मोजतं. बातम्यांतून जाहिरातीत जाताना आकडा किती उडतो ते बघा, तक्रारी तिथल्या असतात.

लिप सिंकसाठी आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीटी.१३५९ मधले आकडे जवळ ठेवा: आवाज ४५ मिलिसेकंद आधी किंवा १२५ मिलिसेकंद उशिरा आला की लक्षात येऊ लागतं. २५ फ्रेमच्या हिशोबात एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, म्हणजे आवाज दोन फ्रेम पुढं गेला की संपलं. मिरजेतली तबल्याची मैफल दाखवताना तर श्रोते तेवढंही सोडत नाहीत. मोजायला क्लॅपरसारखी पांढरी चमक आणि बीप असलेली क्लिप आवकेवर सोडा आणि प्रेक्षकाच्या बाजूला रेकॉर्ड करून दोन्हींतलं अंतर काढा.

प्रेक्षकाची बाजू

दोन-तीन गावांत ओळखीच्यांच्या घरी छोटा संगणक ठेवा, रास्पबेरी पाय चालेल. एक ब्रॉडबँडवर, एक मोबाईल सिमवर. जत, फलटण, कऱ्हाड अशी वेगवेगळ्या दिशांची ठिकाणं घ्या. त्यानं सीडीएनवरून प्लेलिस्ट आणि तुकडे घ्यायचे आणि पहिलं उत्तर यायला किती वेळ लागला, तुकडा उतरायला किती, एवढंच पाठवायचं. डेटाचा हिशोब आधी करा: तीन मेगाबिटचं स्ट्रीम सलग घेतलं तर तासाला १.३५ जीबी, दिवसाला ३२ जीबीच्या वर. दहा मिनिटांतून एक मिनिट पुरतं.

खऱ्या प्रेक्षकांची माहिती ॲपच्या प्लेअरकडून घ्या: चित्र सुरू व्हायला लागलेला वेळ, बघण्याच्या एकूण वेळेतला अडकलेला भाग, आणि सुरू होण्याआधीच सोडून गेलेले. सीएमसीडी या २०२० च्या पद्धतीत प्लेअर प्रत्येक मागणीबरोबर आपल्या बफरची स्थिती सीडीएनला कळवतो. तुमचा सीडीएन ते लॉगमध्ये देत असेल तर जरूर चालू करा.

अलार्म, आणि ते कमी कसे ठेवायचे

पहिल्या आठवड्यात अलार्म कोणालाही पाठवू नका. नुसते आकडे साठवा, आपल्या चॅनलची रोजची चाल बघा. मालिकेच्या शेवटी किती सेकंद काळं असतं, पहाटे भजनाआधी किती शांतता असते, हे कळल्याशिवाय मर्यादा ठरवणं म्हणजे अंधारात दगड.

मग तीन पातळ्या करा. फोन वाजवणारी, ग्रुपवर मेसेज जाणारी आणि फक्त आलेखात दिसणारी. फोन वाजवायचा तो ओरिजिनवरची प्लेलिस्ट थांबली, आवक गेली किंवा सलग काही सेकंद ब्लॅक आणि शांतता एकाच वेळी आली तरच. प्रोमिथियसच्या नियमात स्थिती किती वेळ टिकली पाहिजे ते सांगता येतं, ते रिकामं सोडू नका.

अलर्टमॅनेजरमधला (प्रोमिथियसचे अलार्म पाठवणारा जोडीदार) दाबून ठेवण्याचा नियम नवखे हमखास वगळतात. आवक गेली की एन्कोडर, ओरिजिन आणि गावांतले तपासणीचे संगणक सगळे एकदम ओरडतात. ड्यूटीवरच्या पोराच्या फोनवर चाळीस मेसेज येतात आणि मूळ कारणाचा एक त्यात गाडला जातो. आवकेचा अलार्म चालू असेल तोवर त्या चॅनलचे खालचे सगळे अलार्म दाबून ठेवायचे, असा नियम लिहा. चार ठिकाणं वेगवेगळी मोजल्याचा फायदा इथं वसूल होतो.

मेसेज मराठीत लिहा आणि त्यात काय बिघडलं, कुठं, कधीपासून आणि पहिलं काय करायचं हे चारही असू द्या. "चॅनल १, ओरिजिन: प्लेलिस्ट २० सेकंद थांबली. एन्कोडर ठीक आहे. पॅकेजर २ वर वळवा." रात्रपाळीचा माणूस अर्धवट झोपेत असतो, त्याला कोड उलगडायला लावू नका.

अलार्म ज्या वाटेनं जातो ती वाट स्ट्रीमच्या वाटेपासून वेगळी हवी. ज्या दोरावर लोंबकळतोय तोच तुटला का, हे त्याच दोराला विचारून उपयोग नाही. दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला छोटा राउटर आणि वेगळा यूपीएस पुरतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगली शहरात शिरलं होतं. तळमजल्यावरचा रॅक आणि एकच फायबर लाइन असलेल्या कोणालाही हे वेगळं समजवावं लागू नये.

प्रोमिथियस आकडे मुळात १५ दिवसच ठेवतं. गेल्या गणपतीशी यंदाची तुलना करायची असेल तर ही मुदत वाढवा. आणि महिन्यातून एकदा, सकाळी कमी प्रेक्षक असताना, न सांगता चाचणी चॅनलची आवक केबल काढा. फोन किती सेकंदांनी वाजला, मेसेजमध्ये ठिकाण बरोबर आलं का, खालचे अलार्म दबले का, हे रजिस्टरमध्ये लिहा. एन्कोडरचं फर्मवेअर बदललं किंवा स्विच बदलला की ही चाचणी आणि भंडाऱ्याची क्लिप, दोन्ही त्याच दिवशी परत चालवा.